बेसबॉल २०२५ : एप्रिलमध्येच बीपी वाढलेल्यांसाठी नवा धागा

कोलिझियमकर
मागचा धागा फार लांबला आणि वर्ल्ड सिरीजनंतर तर त्यात डॉजर्सवाल्यांची आरतीच चालू होती, म्हणून नवीन काढतोय. सीझन सुरू होऊन दोन-अडीच आठवडे झालेत, १६२ पैकी पंधराएक मॅचेस. सगळ्यांनी आपापली रड, आनंद, शिव्या (सभ्य) इथे टाका.

माझंच आधी सांगतो. मी फ्रीमाँटचा, अमेरिकेत आल्यापासून ओकलंड ए'जचा फॅन, कारण तिकीट स्वस्त आणि बार्ट ट्रेन थेट स्टेडियमच्या दारात. आता टीमच राहिली नाही. म्हणजे आहे, पण सॅक्रामेंटोला, आणि नावापुढे गावच नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. २०२८ ला म्हणे लास व्हेगस. तोपर्यंत ट्रिपल ए (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या) टीमच्या चौदा हजारी मैदानात भाडेकरू. ३१ मार्चला तिथली पहिली मॅच झाली, शिकागो कब्जने १८-३ धुतलं, त्यांच्या कॅचरने, कार्सन केलीने, सायकल मारली, म्हणजे सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन सगळं एकाच मॅचमध्ये. गृहप्रवेशाला असा आहेर. बघावं की बघू नये हे ठरत नव्हतं म्हणून फोनवर स्कोअर बघत राहिलो आणि प्रत्येक रनला वाईट वाटावं की बरं वाटावं तेही कळेना.

तर प्रश्न असा की अशा माणसाने आता कोणाला धरावं? गंभीर सल्ले द्या. डॉजर्स सोडून.

निळा_शर्ट
डॉजर्स.

बंड्या_जर्सी
धागा काढल्याबद्दल धन्यवाद, वाटच बघत होतो. आमचे न्यूयॉर्क मेट्स. १५ वर्षांचा करार, ७६५ मिलियन डॉलर, ह्वान सोटो. आणि पहिल्याच मॅचला ह्यूस्टनमध्ये नववी इनिंग, दोन आऊट, दोघं बेसवर, ३-१ ने मागे, समोर बॉलर जॉश हेडर, म्हणजे पिक्चरमध्येच असतो असा सीन, मी सोफ्यावरून उठून उभा, बायको म्हणाली बस खाली नजर लागेल, आणि साहेब स्ट्राइकआऊट. ७६५ मिलियन!! माहितीये मला एकच मॅच आहे, माहितीये मोठा सीझन आहे, पण मेट्सच्या फॅनला 'मोठा सीझन आहे' हे वाक्य सांगू नका, आम्हाला ते धमकीसारखं ऐकू येतं.

पीट अलोन्सो मात्र जबरी खेळतोय. त्याला हिवाळाभर ताटकळत ठेवून शेवटी दोन वर्षांवर सही घेतली, आता तोच गाडा ओढतोय. लाँग टर्म द्यायला काय झालं होतं देव जाणे.

मी_अटलांटावाली
बंड्या, तुम्ही एक मॅच हरलात म्हणून एवढं लिहिलंत? आम्ही सात हरलो. पहिल्या सात. ओळीने. सॅन डिएगोत चार, एलेत (लॉस एंजेलिस) तीन.

आणि सातवी कशी हरलो ते ऐका. ५-० पुढे होतो, डॉजर स्टेडियमवर, ओहतानीच्या बॉबलहेडची रात्र, म्हणजे पन्नास हजार लोक बाहुली घ्यायला आलेले. हळूहळू ५-५ झालं आणि नवव्यात त्याच ओहतानीने वॉकऑफ, म्हणजे मॅच तिथेच संपवणारा, होमरन मारला. स्वतःच्या बाहुलीच्या रात्री! हे कोण लिहितं? मधल्यामधे त्याच आठवड्यात प्रोफारला ८० मॅचेसचं सस्पेन्शन, नुकताच तीन वर्षांसाठी घेतलेला. रेनाल्डो लोपेझ खांद्याने गेला. अकुन्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अजून यायचाय, स्ट्रायडर कोपराच्या ऑपरेशननंतर आता कुठे येतोय. मी घरात ब्रेव्ह्जची टोपी कपाटात ठेवून दिलीये, मुलगा विचारतो आई आपण टीम बदलली का. नाही रे बाळा, आई फक्त नाराज आहे.

निळा_शर्ट
@मी_अटलांटावाली, ती मॅच मी मैदानात बसून बघितली. बाहुली छान आहे. दिवा घ्या (म्हणजे हलकं घ्या) :)

मी_अटलांटावाली
दिवा घेतलाय, तुमच्या शर्टाला लावू का?

पट्टेवाला
यांकी फॅन हजर. (पट्टेवाला म्हणजे पिनस्ट्राइप, शिपाई नाही, दर वर्षी सांगावं लागतं.)

टॉर्पेडो बॅटवर अजून कोणी बोललं नाही? २९ मार्च, ब्रूअर्सविरुद्ध, पहिल्या तीन बॉलवर तीन होमरन, गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. बॉलर नेस्टर कोर्टेझ, आमचाच जुना, तोच ज्याने ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजला डॉजर्सच्या फ्रीमनला तो ग्रँडस्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) दिला होता. म्हणजे बिचाऱ्याने आम्हाला एक देणं होतं ते व्याजासकट फेडलं. एकूण नऊ होमरन, २०-९. आणि दुसऱ्या दिवशी जगभर बोंब, यांकीजने बॅटमध्ये काहीतरी केलं. अरे नियमात आहे ते! जाडी आणि लांबीची मर्यादा ठरलेली आहे, त्याच्या आत लाकूड कुठे जास्त ठेवायचं ते ज्याचं त्याने बघावं. एक फिजिक्सवाला माणूस, एरन लीनहार्ट, एमआयटीचा, त्याने बघितलं की आमच्या व्होल्पीसारख्यांचा बॉल बॅटच्या टोकाकडे लागतच नाही, थोडा हाताकडे लागतो, मग जाड भाग तिकडे सरकवला. एवढंच.

आणि जज, ज्याने त्या दिवशी तीन मारले, तो जुनीच बॅट वापरतो. ह्यावर कोणी बोलत नाही.

क्रिकेटच_बरं
म्हणजे बॅटला स्वीट स्पॉट असतो हे बेसबॉलवाल्यांना २०२५ साली कळलं? आमच्याकडे बॅट घेताना पोरगं टकटक करून बघतं कुठे लागतोय ते.

आकडेमोडे
@क्रिकेटच_बरं, स्वीट स्पॉट माहीतच होता, प्रश्न त्याची जागा माणसागणिक बदलावी का हा होता. गोल बॅट, गोल बॉल आणि सरळ १५५ किमीने अंगावर, टप्पा नाही. टकटक करायला वेळ मिळत नाही.

बाकी मूळ मुद्द्यावर येतो. एप्रिलवरून किती निष्कर्ष काढायचा? दोन्ही बाजूंची उदाहरणं देतो, मग ज्याला जी हवी ती घ्या. १९८४ चे टायगर्स ३५-५ (जिंकलेल्या-हरलेल्या) सुरू झाले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. १९८७ चे ब्रूअर्स पहिल्या तेरा जिंकले, मे महिन्यात ओळीने बारा हरले, डिव्हिजनमध्ये तिसरे. २०१९ चे मरिनर्स १३-२ होते, शेवटी ६८-९४. त्याच वर्षी नॅशनल्स १९-३१ होते, सगळे म्हणत होते मॅनेजरला हाकला, ते वर्ल्ड सिरीज जिंकले. अटलांटावाल्या ताईंसाठी : २०११ चे रेज पहिल्या सहा हरूनही प्लेऑफला गेले, सीझनच्या शेवटच्या रात्री. सात हरून गेलेलं मात्र मला कोणी सापडलेलं नाही.

मी_अटलांटावाली
शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तर चाललं असतं हो.

बंड्या_जर्सी
@आकडेमोडे, आमचेच २०२४ घ्या की. ०-५ सुरुवात, मग जूनच्या तोंडावर २२-३३, मी तर शिव्या देऊन थकलो होतो, आणि तिथून जे सुटलो ते थेट डॉजर्सशी एनएलसीएस (नॅशनल लीगची फायनल). म्हणून यंदा जास्त त्रास होतो, मागच्या वर्षी अपेक्षाच नव्हती त्यामुळे प्रत्येक विजय फुकटात मिळाल्यासारखा होता, आता एवढे पैसे ओतल्यावर विजय झाला तरी 'व्हायलाच पाहिजे' आणि हरलो तर मातम. मजाच गेली राव.

आकडेमोडे
बंड्या, ते बरोबर, पण त्यातला पुढचा भाग लोक विसरतात. गेल्या वर्षी मेट्स ८९-७३, ब्रेव्ह्ज ८९-७३, डायमंडबॅक्स ८९-७३. तिघांत दोनच जागा, अ‍ॅरिझोना टायब्रेकरवर बाहेर. वादळामुळे राहिलेली मेट्स-ब्रेव्ह्ज डबलहेडर (एका दिवसात दोन मॅचेस) सीझन संपल्यावर सोमवारी खेळवली आणि अ‍ॅरिझोनावाले घरी टीव्हीसमोर बसून होते. त्यांनी एप्रिलमध्ये एक मॅच जास्त जिंकली असती तर? त्यामुळे 'अजून एप्रिलच आहे' हे मला पटत नाही. एप्रिलचा विजय सप्टेंबरच्या विजयाएवढाच एक असतो. फक्त एप्रिलवरून *खेळाडूचं* मोजमाप करू नका. बॅटिंग अ‍ॅव्हरेज तर अख्खा सीझन गेला तरी पुरतं भरवशाचं होत नाही. स्ट्राइकआऊटचं प्रमाण तेवढं लवकर ठरतं, ते बघायचं असेल तर बघा.

पट्टेवाला
मग रेड सॉक्सच्या डेव्हर्सचं काय? पहिल्या पाच मॅचेसमध्ये १९ पैकी ०, त्यात १५ स्ट्राइकआऊट. बॉस्टनने ब्रेगमनला आणला, ह्याची थर्ड बेस काढून घेतली आणि डीएच (नुसती बॅटिंग करणारा) केलं, तोंड फुगवून बसलाय. रेड सॉक्सचं असं काही झालं की माझा दिवस बरा जातो.

आकडेमोडे
डेव्हर्स मारेल. इतकी वर्षं मारणारा माणूस एका आठवड्यात विसरत नाही. तो मनाने तिथे राहील का हा वेगळा प्रश्न, तो आकड्यात बसत नाही.

शिकागो_दक्षिण
नमस्कार. व्हाइट सॉक्स. गेल्या वर्षी ४१-१२१. आधुनिक काळातला सर्वात जास्त पराभवांचा विक्रम. यंदा पहिली मॅच ८-१ जिंकलो. त्या रात्री मी टेबलचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, १-०. बाकी काही बोलायचं नाही.

बंड्या_जर्सी
🙏🙏 साष्टांग

जळगावचा_शॉर्टस्टॉप
सहसा रोमात (नुसता वाचत) असतो, आज लिहितो. मी पुण्यात. वेस्ट कोस्टच्या रात्रीच्या मॅचेस इकडे सकाळी ७:४० ला लागतात, त्यामुळे माझा नाष्टा डॉजर्स, जायंट्स, पाद्रेज यांच्याबरोबर होतो, ईस्ट कोस्टच्या पहाटे पावणेपाचला, त्यासाठी मेट्सवर प्रेम असावं लागतं. घरचे विचारतात हे काय बघतोस. त्यांना सांगतो, शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो ना, तेच मोठ्या लोकांचं. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल किती खेळला जातो हे अमेरिकेतल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. जिल्हा, विभाग, राज्य, मग सर्टिफिकेट, मग नोकरीत खेळाडू कोटा. आमच्या मैदानावर मुरूम होता, त्यावर स्लाइड मारून गुडघ्याची कातडी गेलेली पोरं आज कुठे कुठे सरकारी खात्यात साहेब आहेत.

एक तक्रार : एक्स्ट्रा इनिंगला सेकंड बेसवर फुकटचा रनर ठेवतात ते मला अजून पचत नाही. काहीच न करता माणूस सेकंडला कसा?

पट्टेवाला
+१. प्लेऑफमध्ये नसतो हा नियम, म्हणजे त्यांनाही माहितीये की खोटं आहे.

खाडीचा_गारठा
मला आवडतो तो नियम. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. आणि पिच क्लॉक आल्यापासून तर मॅच पावणेतीन तासांच्या आत संपते, आधी तीन तासांच्या वर जायची, बॉलर टोपी नीट करतोय, बॅटर ग्लोव्हची पट्टी काढतोय लावतोय, कंटाळा यायचा. आता बेस रिकाम्या असतील तर १५ सेकंद, टाक बॉल.

@कोलिझियमकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतकं जवळ आहे आणि कोणी दिलं नाही म्हणून मीच देते. जायंट्स. बे ओलांडा. यंदा काय खेळतायत! सिनसिनाटीत पहिल्याच दिवशी नवव्यात विल्मर फ्लोरेसचा तीन रनचा होमरन. मग घरच्या पहिल्या मॅचला मरिनर्सला अकराव्यात १०-९. मग रेड्सविरुद्ध ६-१ ने मागे असताना बरोबरी केली आणि दहाव्यात यास्ट्रेमस्कीने बॉल सरळ खाडीत टाकला, वॉकऑफ. आणि हा परवाचा रविवार तर विचारूच नका, ब्राँक्समध्ये यांकीजच्या घरी जुंग हू लीने त्यांच्या रोडॉनला दोन होमरन मारले. @पट्टेवाला, दुखलं का?

ह्या लीच्या वडिलांना कोरियात 'वाऱ्याचा पुत्र' म्हणायचे, तेही मोठे खेळाडू, म्हणून हा 'वाऱ्याचा नातू'. आम्ही घरी त्याला मारुतीरायाचा मुलगा म्हणतो.

जळगावचा_शॉर्टस्टॉप
मारुती ब्रह्मचारी होते ना पण?

शिकागो_दक्षिण
मकरध्वज.

खाडीचा_गारठा
लोल, शिकागो_दक्षिण तुम्ही कमी बोलता पण नेमकं बोलता.

पट्टेवाला
दुखलं. रोडॉन तुमचाच होता, परत न्या. आमचा बॉलर कोल तर अख्ख्या सीझनसाठी गेला, टॉमी जॉन सर्जरी (कोपराचं ऑपरेशन), त्यामुळे रोज रात्री बॉलिंगला कोण येतंय हे बघायचंच टाळतो. नऊ होमरन मारून टीम चालत नाही, समोरच्याला पण थांबवावं लागतं, त्या दिवशीही नऊ रन दिलेच होते.

कोलिझियमकर
@खाडीचा_गारठा, मनापासून धन्यवाद, पण नाही जमणार हो. लॉजिक सगळं बरोबर आहे. पार्क सुंदर, घरापासून तासाभरावर, टीम चांगली चाललीये, बस्टर पोझीसारखा स्वतः खेळलेला माणूस वर बसलाय. पण १९८९ ची वर्ल्ड सिरीज आपल्या दोघांमध्ये होती, भूकंप झाला, दहा दिवस थांबून पुन्हा खेळले आणि आम्ही ४-० जिंकलो. मी तेव्हा इथे नव्हतोही, डोंबिवलीत चौथीत होतो, तरी ते 'आम्ही' आहे. कसं सांगू. कोलिझियममध्ये उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये ढोल वाजवणारी मंडळी होती, त्यांच्यामुळे मला हा खेळ कळला, शेजारी बसलेला म्हातारा प्रत्येक बॉलला समजावून सांगायचा की आता कर्व्ह येणार बघ. २०२३ च्या जूनमध्ये लोकांनी मिळून स्टेडियम भरवलं, सत्तावीस हजार माणसं, हिरवे 'सेल' (टीम विकून टाका) लिहिलेले टीशर्ट, नुसतं मालकाला दाखवायला की फॅन आहेत, तुम्हीच नाही आहात. काही उपयोग झाला नाही. गेल्या २६ सप्टेंबरला शेवटची मॅच, ४६,८८९ लोक, रेंजर्सविरुद्ध ३-२ जिंकलो. त्यानंतर मी कोणाची टोपी घालू?

सॅक्रामेंटोला जाऊन या असं मित्र म्हणतात, दोन तासांचा रस्ता. क्लबहाऊस डाव्या कुंपणापलीकडे आहे म्हणे, खेळाडू मैदानातून चालत ये-जा करतात. जुलैत तिथे चाळीसच्या वर तापमान जातं. बघू.

निळा_शर्ट
आता खरंच गंभीरपणे : टीम सोडून खेळाडू धरा. मी तसाच आलो. ओहतानीसाठी एंजल्स बघायचो, तो आला तिकडे मी आलो.

बंड्या_जर्सी
म्हणजे तुम्ही डॉजर्सचे नाहीच! तरीच. ७०० मिलियनचा करार, त्यातले ६८० नंतर द्यायचे, वर स्नेल, वर सासाकी, अशी टीम करून पहिल्या आठ जिंकलात त्यात काय कौतुक. सगळे तोडीस तोड असते तर बघितलं असतं.

निळा_शर्ट
सोटोच्या फॅनने पैशावर बोलावं? आणि आठ सलग जिंकून सीझन सुरू करणारा गतविजेता आधी कोणी नव्हता, टोकियोत दोन धरून. पैसे देऊन बॉल आपोआप बाहेर जात नाही, तुमचा अनुभव आहे की.

मी_अटलांटावाली
१६-०.

निळा_शर्ट
?

मी_अटलांटावाली
शनिवारी कब्जने घरी येऊन १६-० केलं ना तुम्हाला, शेवटी इनफिल्डरला पिचिंगला उभं केलं होतं. नुसती आठवण.

निळा_शर्ट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

क्रिकेटच_बरं
@कोलिझियमकर, चिडवायला नाही, खरंच सांगतो. जूनमध्ये मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेस ओकलंड कोलिझियमवरच आहेत. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स. तुमची सीट तुमची वाट बघतीये, फक्त खेळ बदललाय.

कोलिझियमकर
माहितीये. तिकिटं बघून ठेवलीत पण हात होत नाही. त्या मैदानाच्या फाऊल लाइनबाहेरची जागा सगळ्या लीगमध्ये सर्वात मोठी, बॅटर वैतागायचे, इतर ठिकाणी स्टँडमध्ये गेला असता तो बॉल इथे कॅच व्हायचा. क्रिकेटला ती जागा मात्र कामाला येणार, हा विनोदच आहे एक.

जळगावचा_शॉर्टस्टॉप
टेक्सासमधलं ग्रँड प्रेरीचं मैदानही आधी बेसबॉलचंच होतं ना, आता क्रिकेटचं केलंय. जा हो तुम्ही, जुन्या जागी जाऊन या. ढोलवाले पण कदाचित येतील, त्यांना काय, वाजवायला मिळाल्याशी मतलब.

खाडीचा_गारठा
मी येते. आमचे हे येतील, ते तसेही जायंट्सच्या मॅचला येऊन फोनवर आयपीएल बघतात.

आकडेमोडे
अवांतर : बॉलर कुमार रॉकरचं कोणी फॉलो करतंय का? टेक्सास रेंजर्स, आईकडून भारतीय मूळ, गेल्या सप्टेंबरमध्ये पदार्पण, यंदा रोटेशनमध्ये. २००८ ला पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला टॅलेंट शोमधून उचललं होतं तेव्हा आपल्याकडे पेपरात केवढं आलं होतं, ते मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. हा इथेच वाढलेला, त्यामुळे तुलना बरोबर नाही, पण स्लायडर बघण्यासारखा आहे. कोलिझियमकर, खेळाडू धरायचा असेल तर हा घ्या.

कोलिझियमकर
रेंजर्स?? आमच्याच डिव्हिजनमधले? आकडेमोडे, तुम्ही चांगले गृहस्थ आहात म्हणून काही बोलत नाही.

शिकागो_दक्षिण
आमच्याकडे जागा आहे. कधीही या. तिकिटं मिळतात.

बंड्या_जर्सी
हाहाहा. चला, आज मेट्सची मॅच आहे, सोटो पुन्हा दोन नंबरला. बायकोने आधीच सांगितलंय उभं राहायचं नाही.

पट्टेवाला
बसूनच बघ. आणि स्कोअर इथे टाकू नको, आमच्याकडे लोकल ब्लॅकआऊट (आपल्या भागातल्या टीमची मॅच लाइव्ह दिसत नाही), मी रेकॉर्डिंग बघणार आहे.

बंड्या_जर्सी
यांकी फॅन मेट्सची मॅच रेकॉर्ड करून बघतो?

पट्टेवाला
हरताना बघायला. एप्रिलमध्ये बाकी आहे काय.